हजार रुपये रोज: मंदी सरल्यानंतरची श्रीलंका

श्रीलंकेच्या डोंगराळ भागात, नुवारा एलिया आणि हॅटनच्या आसपासच्या चहामळ्यांत पानं खुडणाऱ्या बाईला २०२१ मध्ये दिवसाला १,००० श्रीलंकन रुपये रोज मिळत होता. ही तिथली किमान मजुरी. तीही सुखासुखी मिळालेली नव्हती. 'हजार रुपये रोज' या मागणीसाठी मळ्यांतल्या तमिळ मजुरांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये हा रोज १,३५० रुपये झाला.

त्याच २०२४ साली श्रीलंकेची अर्थव्यवस्था ५ टक्क्यांनी वाढली. महागाईचा दर शून्याच्याही खाली गेला. परकीय चलनाची गंगाजळी ६ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. दोन वर्षांपूर्वी दिवाळखोर म्हणून जाहीर झालेला देश इतक्या लवकर उभा राहिला, याचं जगभर कौतुक झालं. ते आकडे खरे आहेत. आणि वाढीव रोज हातात घेऊन बाजारात जाणाऱ्या त्या बाईला २०२१ पेक्षा कमी सामान घरी न्यावं लागत होतं, हेही तितकंच खरं आहे.

ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी असू शकतात? ते कळलं तर मंदीनंतरच्या कोणत्याही गरीब देशाबद्दलची बातमी वाचताना आपली फसगत होणार नाही, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी फक्त थोडी शाळेतली टक्केवारी लागते. पण आधी हे सगळं कोसळलं कसं, ते पाहू.

कांदा, डॉलर आणि रिकामी तिजोरी

कोलंबोच्या पेट्टा बाजारात मोठ्या कांद्याला 'बॉम्बे अनियन' म्हणतात. सिंहलीतही नाव तेच, 'बोंबाई लूनू'. श्रीलंका हे भारतीय कांद्याचं जुनं गिऱ्हाईक आहे आणि नाशिक जिल्ह्यातला कांदा आजही तिकडे जातो. समजा, पेट्टातल्या एका व्यापाऱ्याने लासलगावहून एक कंटेनर मागवला. त्याच्या गल्ल्यात श्रीलंकन रुपये आहेत, पण इथल्या निर्यातदाराला ते रुपये काय कामाचे? त्याला डॉलर हवेत. म्हणून व्यापारी आपले रुपये घेऊन बँकेत जातो आणि बँक त्या बदल्यात डॉलर चुकते करते.

बँकेकडे डॉलर येतात ते तयार कपडे आणि चहाच्या निर्यातीतून, पर्यटकांकडून, आखातात राबणारी माणसं घरी पाठवतात त्या पैशांतून, आणि हे कमी पडलं तर परदेशी कर्जातून. श्रीलंका वर्षानुवर्षं शेवटच्या वाटेवर जास्त विसंबून राहिली. २००९ मध्ये यादवी युद्ध संपल्यावर रस्ते, बंदरं, विमानतळ उभारायला आंतरराष्ट्रीय बाजारात डॉलरचे रोखे विकले गेले. जुना रोखा फेडायला नवा रोखा विकायचा, असं चक्र सुरू झालं. लोक तुमच्यावर विश्वास ठेवून नवा रोखा घेतात तोवर हे चालतं.

मग एकामागून एक घाव बसले. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले. पर्यटक आटले. २०१८ मध्ये तिथे २३ लाखांहून अधिक पर्यटक आले होते. कोविडनंतर, २०२१ मध्ये, ते २ लाखांच्याही आत आले.

पण मला सर्वांत मोठी चूक वाटते ती करकपातीची. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्या सरकारने लगेच मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. इतरही अनेक कर रद्द केले किंवा सैल केले. कर कमी झाले की लोक खर्च करतील, उद्योग वाढतील आणि कर आपोआप जमेल, असा त्यामागचा हिशेब होता. तसं झालं नाही. सरकारचं उत्पन्न देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या आसपास घसरलं. आपल्या घराच्या भाषेत सांगायचं तर महिन्याला शंभर रुपयांची उलाढाल असलेल्या गावात ग्रामपंचायतीकडे आठ रुपये जमा होतात, त्यातून शाळा, दवाखाना, पगार आणि जुन्या कर्जाचं व्याज भागवायचं. सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा फक्त व्याजातच जाऊ लागला. परदेशी सावकारांनी हे पाहिलं आणि नवे रोखे घेणं थांबवलं.

२०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी आली. सांगितलं गेलं की देश सेंद्रिय शेतीकडे वळतो आहे. मागे डॉलर वाचवण्याची गरजही होतीच. भाताचं आणि चहाचं उत्पन्न घटलं, तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि वाचवायचे तेच डॉलर खर्च झाले. काही महिन्यांत बंदी मागे घेतली, पण हंगाम थोडाच मागे जातो.

यात आणखी एक गुंता होता, तो सहसा सांगितला जात नाही. सरकारने रुपयाचा दर एका डॉलरला २०० च्या आसपास धरून ठेवला होता. बाजारात मात्र डॉलरला त्याहून बरेच जास्त रुपये मिळत. मग दुबईत काम करणारा माणूस बँकेतून पैसे का पाठवील? तो हवाल्याने पाठवायचा. घरच्यांना जास्त रुपये मिळायचे आणि डॉलर मात्र देशाच्या बँकेत कधी पोचायचेच नाहीत. दर धरून ठेवल्याने रुपया वाचला नाही आणि डॉलरही गेले.

२०१९ च्या अखेरीस गंगाजळीत ७.६ अब्ज डॉलर होते. मे २०२२ मध्ये प्रत्यक्ष वापरता येतील असे ५ कोटी डॉलरही उरले नसल्याचं अर्थमंत्र्यांनी सांगितलं. देशाची लोकसंख्या साधारण २ कोटी २० लाख. म्हणजे माणशी सव्वादोन डॉलर. पेट्टातला व्यापारी रुपये घेऊन बँकेत उभा, बँकेकडे डॉलर नाहीत, आणि कोलंबो बंदरात धान्य, साखर, डाळीचे कंटेनर अडकून पडलेले.

आपल्याला ही वेळ अगदीच अनोळखी नाही. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईतून सुमारे ४७ टन सोनं विमानाने परदेशी पाठवलं आणि ते तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. तेव्हा आपल्याकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. आपण कड्यावरून परतलो. श्रीलंकेने १२ एप्रिल २०२२ रोजी परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. १९४८ मध्ये स्वतंत्र झाल्यापासून पहिल्यांदाच.

त्यापुढचं चित्र आपण तेव्हा टीव्हीवर पाहिलं आहे. दिवसाला तेरा-तेरा तास वीज नाही. पेट्रोलसाठी दोन-दोन दिवस रांगा, त्या रांगांत म्हातारी माणसं उन्हाने दगावली. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. पुढे क्यूआर कोड दाखवून आठवड्याला मोटरसायकलला चार लिटर पेट्रोल मिळू लागलं. जुलै २०२२ मध्ये लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात घुसले आणि गोटाबाया देश सोडून गेले.

शंभराचा हिशेब

आता टक्केवारीकडे येऊ, कारण खरी मेख इथेच आहे.

शंभर रुपयांची वस्तू आधी दहा टक्क्यांनी स्वस्त झाली आणि मग दहा टक्क्यांनी महाग झाली, तर किंमत किती? शंभर नाही, नव्व्याण्णव. कारण दुसऱ्या वेळचे दहा टक्के नव्वदावर मोजले जातात. पडताना उंचावरून पडतो आणि चढताना खड्ड्यातून चढतो, म्हणून तेवढ्याच टक्क्यांनी तेवढंच अंतर भरून निघत नाही.

हेच देशाच्या उत्पन्नाला लावू. २०२१ चं श्रीलंकेचं एकूण उत्पन्न, म्हणजे जीडीपी, शंभर धरा. २०२२ मध्ये ते ७.३ टक्क्यांनी घटलं, ९२.७ उरले. २०२३ मध्ये आणखी २.३ टक्के गेले, साडेनव्वदच्या जवळ आलं. २०२२ च्या सुरुवातीपासून सलग सहा तिमाही अर्थव्यवस्था आक्रसत होती. मग २०२४ मध्ये ५ टक्क्यांची ती गाजलेली वाढ झाली. साडेनव्वदचे पाच टक्के म्हणजे साडेचार. बेरीज ९५.

म्हणजे 'पाच टक्क्यांनी वाढ' हा मथळा छापून आला तेव्हा देश तीन वर्षांपूर्वीपेक्षा पाच टक्क्यांनी गरीब होता. २०२५ च्या पहिल्या तीन तिमाहींतही वाढ पाच टक्क्यांच्या आसपास राहिली. या वेगाने हिशेब केला तर २०२५ संपताना देश कुठे येतो? पुन्हा शंभरावर. चार वर्षं चालून जिथून निघालो तिथे.

आणि २०२१ तरी कुठे सुगीचं वर्ष होतं? ते कोविडमधून सावरण्याचं वर्ष होतं. शिवाय या चार वर्षांत मुलं मोठी झाली, नव्या पिढीला नोकऱ्या हव्या झाल्या, आईवडील म्हातारे झाले. मंदी आली नसती तर हा देश एकशे सतराच्या आसपास असता, असं वर्षाला चार टक्के वाढ धरली तरी म्हणता येतं. ते सतरा कोणाच्याही आकडेवारीत 'तोटा' म्हणून दिसत नाहीत, कारण जे घडलंच नाही ते मोजायचं कसं?

महागाईचं गणित याहून फसवं आहे. कोलंबोच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार सप्टेंबर २०२२ मध्ये महागाई ६९.८ टक्के होती. म्हणजे सप्टेंबर २०२१ मध्ये ज्या सामानाला शंभर रुपये पडत, त्याला आता एकशे सत्तर. अन्नाची महागाई तर चौऱ्याण्णव टक्क्यांच्या वर गेली होती. बरोबर एक वर्षाने, सप्टेंबर २०२३ मध्ये, महागाई १.३ टक्क्यांवर आली. सत्तरवरून सव्वा टक्का!

पण महागाईचा दर उतरला म्हणजे किमती उतरल्या नाहीत. एकशे सत्तरात आणखी १.३ टक्के मिळवा, एकशे बहात्तर होतात. किमती चढायच्या थांबल्या, इतकाच त्याचा अर्थ. सप्टेंबर २०२४ मध्ये महागाई उणे अर्धा टक्का झाली, तेव्हा कुठे एकशे बहात्तरचे एकशे एक्काहत्तर झाले. पेट्रोलचे, विजेचे दर थोडे खाली आले त्यामुळे. शंभराचं सामान पुन्हा शंभराला मिळणार नाही, आणि तसं व्हावं अशी कोणत्याही मध्यवर्ती बँकेची अपेक्षाही नसते. श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेचं उद्दिष्टच मुळी वर्षाला पाच टक्के महागाईचं आहे.

आता चहामळ्यातल्या बाईकडे परत येऊ. तिचा रोज हजारचा साडेतेराशे झाला, म्हणजे शंभराचे एकशे पस्तीस. सामान शंभराचं एकशे एक्काहत्तर. तिचे साडेतेराशे रुपये जुन्या किमतींत मोजले तर साधारण ७९० रुपये भरतात. पगारवाढ मिळूनही तिचा रोज पाचव्या हिश्श्याने कमी झाला. निर्देशांक कोलंबोचा आहे आणि तिच्या टोपलीत अन्न जास्त, बाकीचं कमी, त्यामुळे तिचा खरा हिशेब याहून वाईटच असण्याची शक्यता आहे. आणि तिला २०२१ नंतर पुढची वाढ मिळेपर्यंत सप्टेंबर २०२४ उजाडला होता. मधली तीन वर्षं तिने जुन्याच हजारात काढली. किमती सर्वांत वर असताना.

म्हणून बातमीत टक्केवारी दिसली की मी आधी विचारतो, हा वेग आहे की पातळी? गाडी आता किती वेगाने चढते आहे हे सांगितलं जातं. ती किती खाली घसरली होती आणि कुठवर पोचली, हे आपल्यालाच काढावं लागतं.

औषधाचा कडूपणा कोणाच्या वाट्याला

देश सावरला तो आपोआप नाही. एप्रिल २०२२ मध्ये नंदलाल वीरसिंघे मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले आणि दुसऱ्याच दिवशी बँकेने व्याजदर साडेसात टक्क्यांवरून एकदम साडेचौदा टक्क्यांवर नेला. एका दिवसात जवळपास दुप्पट. उद्देश सरळ होता: पैसा महाग करा, लोक कमी खर्च करतील, आयात घटेल, रुपया सावरेल. मे २०२२ पर्यंत एका डॉलरचे २०० चे ३६० रुपये झाले होते.

औषध लागू पडलं, हे मान्य केलंच पाहिजे. पण त्याची किंमत कोणी मोजली? बँकांचे कर्जाचे दर पंचवीस टक्क्यांच्या वर गेले. बेकरी, शिवणकामाचा छोटा कारखाना, ट्रकवाला, सगळे त्यात भरडले गेले. तिकडे कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता गहाण मालमत्ता लिलावात काढता येते, त्याला 'पराटे' म्हणतात. छोट्या उद्योजकांनी इतका आक्रोश केला की २०२४ मध्ये हा अधिकार काही काळ गोठवावा लागला. एकदा बंद पडलेला कारखाना व्याजदर उतरल्यावर आपोआप सुरू होत नाही. यंत्रं विकली गेलेली असतात, कारागीर दुसरीकडे गेलेले असतात. माझ्या मते मंदीची सर्वांत खोल जखम ही आहे.

दुसरं औषध कराचं. ८ टक्क्यांवर आणलेला व्हॅट टप्प्याटप्प्याने चढत जानेवारी २०२४ मध्ये १८ टक्क्यांवर पोचला. आयकराचे दरही वाढवले. सरकारचं उत्पन्न आठ टक्क्यांवरून २०२४ पर्यंत साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आलं, आणि व्याज सोडून बाकी खर्च भागवून सरकारकडे पैसे उरू लागले. याला प्राथमिक शिल्लक म्हणतात. कर्ज देताना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने (आयएमएफ) घातलेली ही सर्वांत आग्रहाची अट होती. पण व्हॅट हा साबणाच्या वडीवर, मोबाइलच्या रिचार्जवर, चपलेवर बसतो. कोलंबोतला श्रीमंत आणि हॅटनची मजूर बाई एका वडीवर सारखाच कर भरतात. श्रीमंताच्या मिळकतीत तो कुठे दिसतही नाही, तिच्या मिळकतीत तो चांगलाच बोचतो.

वीजही तशीच. वर्षानुवर्षं ती खर्चापेक्षा स्वस्त विकली गेली आणि वीज मंडळ कर्जात बुडालं. मग ऑगस्ट २०२२ मध्ये सरासरी ७५ टक्के आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आणखी ६६ टक्के दरवाढ झाली. आता हेही शंभरावर मांडून पाहा: शंभराचे पावणेदोनशे, आणि त्याचे दोनशे नव्वद. सहा महिन्यांत बिल जवळपास तिप्पट. पुढे दर उतरलेही, पण मधल्या काळात थकबाकीमुळे लाखो घरांची वीज तोडली गेली.

तिसऱ्या औषधाबद्दल फार कमी बोललं जातं. सरकारने देशातल्या कर्जाचीही फेररचना केली. २०२३ मध्ये कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीकडचे सरकारी रोखे बदलून लांब मुदतीचे नवे रोखे देण्यात आले, ज्यांचं व्याज काही काळाने उतरतं. निधीने नकार दिला असता तर त्याच्यावरचा कर १४ वरून ३० टक्क्यांवर नेण्याची तरतूद होती. बँकांना या अदलाबदलीतून वगळलं. कारण दिलं गेलं ते असं की बँका आधीच बराच कर भरतात आणि त्या डळमळल्या तर ठेवीदार घाबरतील. युक्तिवादात तथ्य आहे. पण ज्या कामगाराची म्हातारपणाची पुंजी त्या निधीत आहे, त्याला आज काहीच जाणवलेलं नाही. पंधरा वर्षांनी निवृत्त होताना हातात येणारी रक्कम जितकी असायला हवी होती तितकी नसेल.

गरिबांना थेट मदत म्हणून २०२३ मध्ये 'अस्वेसुमा' ही योजना सुरू झाली आणि पैसे थेट खात्यात जाऊ लागले. ती नसती तर परिस्थिती आणखी बिकट झाली असती. तरीही जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२१ मध्ये १३ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, ते २०२२ मध्ये २५ टक्के झाले आणि २०२४ मध्येही साडेचोवीसच राहिले. अर्थव्यवस्था पाच टक्क्यांनी वाढली त्या वर्षी गरिबी जेमतेम हलली. दर चार माणसांत एक.

सावकारांशी बोलणी

नाणेनिधीने मार्च २०२३ मध्ये चार वर्षांसाठी सुमारे ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. श्रीलंकेचा हा सतरावा कार्यक्रम होता. एकूण परदेशी कर्ज ५१ अब्ज डॉलरच्या घरात, त्यामानाने तीन अब्ज म्हणजे किरकोळ. पण नाणेनिधीची खरी किंमत पैशात नसते. देश आता शिस्तीत चालेल याची ती हमी असते, आणि तिच्या आधाराने बाकीचे सावकार बोलायला तयार होतात.

नाणेनिधी येण्याआधीच्या काळात भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली होती. इंधनासाठी, अन्न-औषधांसाठी उधारीच्या सोयी, रिझर्व्ह बँकेकडून चलन अदलाबदल, जुनी देणी पुढे ढकलणं, असं सगळं त्यात आलं. जानेवारी २०२३ मध्ये कर्जसवलतीची लेखी हमी देणारा पहिला सावकार देशही भारतच होता. पुढे जपान, फ्रान्स आणि भारताच्या पुढाकाराने सरकारी सावकारांच्या समितीशी जून २०२४ मध्ये करार झाला. चीनच्या बँकेशी वेगळा झाला.

सर्वांत अवघड होते ते खासगी रोखेधारक. त्यांच्याकडे साडेबारा अब्ज डॉलरचे रोखे होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी जुने रोखे देऊन नवे घेतले आणि मुद्दलावर सुमारे २७ टक्के सूट मान्य केली. पण त्यात एक कलम आहे. देशाचा डॉलरमधला जीडीपी ठरलेल्या पातळीच्या वर गेला तर ही सूट कमी होते आणि सावकारांना जास्त पैसे द्यावे लागतात. पडला तर कमी. उधारी माफ करताना वाण्याने 'पुढच्या वर्षी पीक चांगलं आलं तर माझा वाटा वाढेल' असं लिहून घ्यावं, तसं हे आहे. देणेकऱ्याला दिलासा मिळतो हे खरं, पण चांगल्या दिवसांतलाही काही भाग आधीच देऊन टाकलेला असतो.

या सगळ्यातून श्रीलंकेला मिळाला तो वेळ. हप्ते मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू होतात ते २०२८ पासून. तोवर गंगाजळी भरायची आहे.

ही वाढ येते कुठून

काही वाढ केवळ खड्ड्यातून वर येण्याची आहे. बंद गिरणी पुन्हा सुरू झाली, पेट्रोल मिळू लागलं म्हणून रिक्षा धावू लागली, वीज आली म्हणून दुकान उघडलं. २०२४ मध्ये पर्यटक पुन्हा २० लाखांवर गेले. हॉटेलं, टॅक्सी, मासळीबाजार, सगळीकडे त्याचा पैसा फिरला. ही वाढ लवकर होते आणि लवकर संपतेही. त्यापुढे वाढायचं तर नवे कारखाने, नवी कौशल्यं लागतात, आणि तिथे अजून फारसं काही हललेलं नाही. निर्यातीचा मोठा भार अजूनही तयार कपड्यांवर आहे. त्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने श्रीलंकेच्या मालावर ४४ टक्के आयातशुल्क जाहीर केलं, वाटाघाटींनंतर ते २० टक्क्यांवर आलं. दूरच्या एका निर्णयाने कटुनायकेच्या कपडे कारखान्यांतल्या हजारो मुलींची झोप उडावी, इतकी ही अर्थव्यवस्था एका धाग्यावर आहे.

डॉलरचा दुसरा झरा म्हणजे परदेशी गेलेली माणसं. २०२२ मध्ये ३ लाखांहून अधिक लोक अधिकृत नोंदणी करून कामासाठी देशाबाहेर गेले, आणि २०२४ मध्येही आकडा तेवढाच होता. रुपयाचा दर खरा झाल्यावर हवाल्याचं कारण उरलं नाही, पैसे बँकेतून येऊ लागले. २०२२ मध्ये ३.८ अब्ज डॉलर आले होते, ते २०२४ मध्ये साडेसहा अब्जांवर गेले. गंगाजळी भरली ती बरीचशी या पैशांनी. पण यात कुवेतला घरकामाला गेलेली आई आहे, आजीकडे वाढणारी तिची मुलं आहेत, आणि मेलबर्न-लंडनला गेलेले डॉक्टर आहेत. कोकणातल्या ज्या घरांनी मुंबईच्या मनिऑर्डरवर पिढ्या काढल्या, त्यांना यातलं मिळवणं आणि गमावणं वेगळं समजावून सांगायला नको.

सप्टेंबर २०२४ मध्ये लोकांनी अनुरा कुमार दिसानायके यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं. पाच वर्षांपूर्वी त्यांना जेमतेम तीन टक्के मतं होती. त्यांनीही नाणेनिधीचा कार्यक्रम मोडला नाही. मोडणं परवडणारं नव्हतं. जिथे हात मोकळा होता तिथे त्यांनी थोडं सैल केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये, जवळपास पाच वर्षांनी, खासगी वाहनांची आयात पुन्हा सुरू झाली. त्यावरचा भरमसाठ कर तिजोरीला मिळतो, पण प्रत्येक गाडीमागे डॉलर बाहेर जातात. बंदी कायम ठेवावी तर कर बुडतो, उठवावी तर गंगाजळी आटते. मंदीनंतरच्या सरकारपुढचे बहुतेक निर्णय हे असे असतात.

आणि चहामळ्यातला रोज? नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात तो जानेवारी २०२६ पासून १,७५० रुपये करण्याची घोषणा झाली. त्यातला काही भाग हजेरीवर अवलंबून आहे, तो सरकार देणार आहे. आपला शंभराचा हिशेब पुढे न्या. सप्टेंबर २०२५ पर्यंत किमती एकशे एक्काहत्तरवरून साधारण एकशे चौऱ्याहत्तरवर आल्या होत्या. सतराशे पन्नासला त्याने भागा. उत्तर येतं १,००५ च्या आसपास. रोज पूर्ण हाती पडला तर २०२६ च्या जानेवारीत ती बाई पुन्हा २०२१ च्या हजार रुपयांवर पोचते.

अर्थसंकल्प मांडून तीन आठवडे होत नाहीत तोच दित्वा चक्रीवादळ आलं. सहाशेहून अधिक माणसं गेली. दरडी सर्वांत जास्त कोसळल्या त्या मध्य डोंगराळ भागात, कँडी, बदुल्ला आणि नुवारा एलियात, जिथे ब्रिटिशांच्या काळात बांधलेल्या लाइनींच्या, म्हणजे मजुरांच्या चाळवजा ओळींच्या, एकेका खोलीत मळ्यातली कुटुंबं आजही राहतात.